आप्पांचे ओले अंथरूण आणि तुलनेचा वाफा



थंडी आता चांगलीच पडू लागली आहे. हरभरा फुलावर आला आहे, गव्हाचे दुसरे पाणी चालू आहे, आणि ज्यांच्या शिवारात अजून रात्रीची वीज आहे त्यांची झोप दारे धरण्यात मोडते आहे. पण काही घरांत वडीलधाऱ्यांची झोप दारे न धरताही मोडते. रात्रीतून चार-चार वेळा उठायचे, अंधारात परसात जायचे, कुडकुडत उभे राहायचे, पुष्कळ कुंथल्यावर थोडीशी धार यायची, आणि परत येऊन घोंगडी ओढतात तोच पुन्हा हाजत. या सदरात मी एरवी बियाणे, खते आणि किडी यांविषयी लिहितो. आजचा विषय घरात मोठ्याने वाचायला थोडा अवघड वाटेल. तरी वाचाच, कारण हा विषय मी बोललो नाही म्हणून आमच्या घरात एक नुकसान झाले आहे.

२०१९ च्या संक्रांतीला मी गावी गेलो होतो. माझे थोरले चुलते, आप्पा, वय ७४. पाहतो तर त्यांचे अंथरूण माजघरातून हलवून गोठ्याशेजारच्या पडवीत टाकलेले. मी वहिनींना विचारले तर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काय सांगू, रोज सकाळी अंथरूण ओलं. धुऊन धुऊन हात गळाले. तेच म्हणाले, मला बाहेर टाका." आप्पांना विचारले तर ते हसले. "आरं, म्हातारपण म्हंजे दुसरं बाळपण. त्यात काय एवढं!"

आणि मी, बी.एस्सी. शेती झालेला शहाणा, त्यांना सल्ला देऊन आलो : संध्याकाळनंतर पाणी कमी पीत जा.

त्यांनी तो सल्ला पाळला. पाण्याबरोबर जेवणही कमी केले. महिनाभरात पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या, दिवसभर गुंगी. तालुक्याला नेले. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि विचारले, "हा गोळा किती दिवसांपासून आहे?" बेंबीपर्यंत टणक फुगवटा होता, आणि तो आम्हांपैकी कोणीही पाहिला नव्हता. सोनोग्राफी केली. मूत्राशय तुडुंब भरलेले, दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली. नळी घातली तेव्हा जवळजवळ दीड लिटर लघवी निघाली. निरोगी माणसाला तीन-चारशे मिलिलिटर साठले की जावेसे वाटते.

म्हणजे टाकी भरून वरून वाहत होती, आणि आम्ही समजत होतो की टाकीला भोक पडले आहे.

पाणी मागे तुंबले की शेताचे काय होते ते तुम्हांला सांगायला नको. लघवी मूत्राशयात तुंबली की तिचा दाब वर मूत्रपिंडांवर येतो. रक्तातली घाण गाळण्याचे काम मंदावते. ते मोजायची रक्ताची तपासणी आहे, तिला क्रिएटिनिन म्हणतात. ते साधारण एकच्या आसपास असावे. आप्पांचे सहाच्या वर गेले होते. नळी घातल्यावर ते उतरत आले, पण दोनवर येऊन थांबले. पुढे कधीच एकवर आले नाही.

आता हे का होते ते पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी, वजन साधारण २० ग्रॅम. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधोमध जाते. वयाच्या चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत वाढीच्या खुणा सापडतात आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोग होतो असेही नाही. पण मधली नळी दाबली जाते. ठिबकची नळी दगडाखाली आल्यावर पुढच्या झाडांना जसे थेंब-थेंब पाणी मिळते, तसे होते. मूत्राशय सुरुवातीला जास्त जोर लावतो, त्याची भिंत जाड होते. पुढे तो थकतो. मोटर सतत ओव्हरलोडवर चालवली की एक दिवस कॉईल जळते, त्यातला प्रकार.

बैल पाळणाऱ्यांना यात एक गंमत कळेल. लहानपणीच खच्ची केलेल्या नराची ही ग्रंथी वाढत नाही. अमेरिकेत १८९५ च्या सुमारास फिलाडेल्फियाचे एक सर्जन, विल्यम व्हाइट, म्हाताऱ्यांची लघवी मोकळी व्हावी म्हणून त्यांना खच्ची करत असत! पुढे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांवर काम करून दाखवले की ही ग्रंथी वृषणांतून येणाऱ्या रसावर पोसते. तो रस तोडला तर प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोगही मागे हटतो, हे त्यांनी १९४१ मध्ये माणसांत सिद्ध केले. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याहून चमत्कारिक गोष्ट १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात एका खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. तपासले तेव्हा कळले की त्यांच्या शरीरात पुरुषरसाला जास्त तीव्र रूप देणारे एक द्रव्य कमी होते. त्या मुलांचे पुढे बरेचसे पुरुषासारखेच होई, पण प्रोस्टेट लहान राही. औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यावरून विचार केला की हे द्रव्य गोळीने अडवता आले तर ग्रंथी आक्रसेल. ती गोळी फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ पासून ती वापरात आहे. खच्ची न करता खच्चीचा तेवढाच एक गुण मिळाला.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. उपाय पुष्कळ आहेत आणि प्रत्येक उपायाला सांगणारे लोकही पुष्कळ. कोण म्हणते ऑपरेशन करून टाका, कोण म्हणते लेसरच करा, कोण म्हणते अमुक चूर्ण घ्या, माझे राहिले. खरे कोणाचे मानायचे?

आम्ही शेतीखात्यातली माणसे खताची किंवा बियाण्याची खात्री कशी करतो ते तुम्ही पाहिले आहे. एकाच रानात वाफे पाडतो, चिठ्ठ्या टाकून ठरवतो की कोणत्या वाफ्याला खत द्यायचे आणि कोणत्याला नाही, आणि न दिलेल्या वाफ्याशी तुलना करतो. चिठ्ठ्या कशासाठी? कारण माणसाचा हात आपोआप चांगल्या जमिनीकडे वळतो. मग पीक खताने आले की जमिनीने, ते कळत नाही. ही रीत इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घालून दिली. आमच्या पिढीने ती पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकातून घोकली. हे दोघेही आपलेच मराठी, आणि सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. डॉक्टरांनी हीच रीत शेतातून उचलली. १९४८ मध्ये इंग्लंडात क्षयरोगाच्या स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी प्रसिद्ध झाली, १०७ रुग्णांवर. तेव्हापासून औषधाची आणि ऑपरेशनची खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. उलट शहरातल्या सुशिक्षितांना मी हे समजावताना दमलो आहे.

तर प्रोस्टेटच्या वाढीवर अशीच तुलना अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली, निकाल १९९५ मध्ये लागला. मध्यम त्रास असलेले ५५६ पुरुष घेतले. चिठ्ठ्यांप्रमाणे २८० जणांचे दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले आणि २७६ जणांना नुसते देखरेखीखाली ठेवायचे ठरले. तीन वर्षांत ऑपरेशनच्या गटातल्या २३ जणांचे बिघडले आणि थांबलेल्या गटातल्या ४७ जणांचे. बिघडले म्हणजे लघवी पूर्ण अडली, शिल्लक लघवी फार वाढली, मूत्रपिंडावर परिणाम झाला, त्रास असह्य झाला, असे. म्हणजे ऑपरेशनने धोका निम्म्यावर आला. आता याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. थांबलेल्यांपैकी तीन वर्षांत ऑपरेशन करावे लागले ते २४ टक्क्यांना. बाकीच्यांचे भागले. ज्यांना त्रास जास्त जाचत होता त्यांना ऑपरेशनचा लाभही जास्त झाला. आणि ऑपरेशनमुळे पुरुषत्व जाते किंवा लघवी आपोआप गळू लागते, ही जी भीती पारावर सांगतात, ती या चाचणीत दोन गटांच्या तुलनेत दिसली नाही. एक बदल मात्र बहुतेकांत होतो, तो डॉक्टरांनी आधी सांगायला हवा : ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने अपाय नाही, पण न सांगता झाले तर माणूस घाबरतो.

पाच वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा थांबलेल्यांतले ३६ टक्के ऑपरेशनकडे गेलेले होते, आणि उशिरा गेलेल्यांना सुरुवातीलाच केलेल्यांइतका गुण आला नाही. म्हणून मध्यम त्रास असेल तर थांबायला हरकत नाही, पण थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. दर सहा महिन्यांनी, निदान वर्षाने, शिल्लक लघवी मोजून घेतली पाहिजे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. या चाचणीत आप्पांसारखे कोणी नव्हते. ज्यांची मूत्रपिंडे सुजली आहेत त्यांना कोणी चिठ्ठ्या टाकून थांबवत नाही. तिथे आधी नळी, मग बाकीचे.

गोळ्यांची मोठी चाचणीही अमेरिकेतलीच, २००३ ची. ३,०४७ पुरुष, चार वाफे. एकाला नुसत्या पिठाच्या गोळ्या, दुसऱ्याला डॉक्साझोसिन, म्हणजे ग्रंथीचे स्नायू सैल करणारी गोळी, तिसऱ्याला फिनास्टेराइड, चौथ्याला दोन्ही. कोणाला काय मिळते ते ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. चार वर्षांत पिठाच्या गोळीवाल्यांपैकी शेकडा १७ जणांचा आजार पुढे गेला, एकेक गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा १०, आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी शेकडा ५. दोन्ही गोळ्यांचा फायदा स्पष्ट आहे. पण मला त्यात सगळ्यात बोलका वाटला तो पिठाचा वाफा. शंभरातले ८३ जण पिठाच्या गोळीवरही चार वर्षे तग धरून राहिले! चूर्णवाल्याला "माझे बरे झाले" म्हणणारी माणसे का मिळतात याचे उत्तर इथे आहे. त्याच्याकडे तुलनेचा वाफाच नसतो.

झाडपाल्याचे औषध कोणी तपासलेच नाही, असे म्हणू नका. सॉ पाल्मेटो नावाच्या अमेरिकन शिंदीसारख्या झाडाच्या फळाचा अर्क प्रोस्टेटसाठी जगभर खपतो. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर तुलना करून पाहिली. अर्क आणि नकली गोळी यांत काडीचा फरक नाही. २०११ मध्ये मात्रा तिपटीपर्यंत वाढवून ३६९ जणांवर पाहिले, तरी तेच. मी झाडपाल्याचा शत्रू नाही, निंबोळी अर्क मीच तुम्हांला शिकवला. पण निंबोळी अर्क वाफ्यात उतरून पास झालेला आहे.

दोन गोळ्यांबद्दल दोन सूचना. सैल करणाऱ्या गोळीने (आपल्याकडे बहुधा टॅमसुलोसिन देतात) चार-आठ दिवसांतच फरक पडतो, पण पहिल्या दिवसांत झटकन उठल्यावर चक्कर येते. विहिरीच्या कडेला आणि ट्रॅक्टरवर जपा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली आहे, हे जरूर सांगा. बाहुलीच्या पडद्यावर तिचा परिणाम होतो, आणि त्यांना आधी कळले तर ते तयारीने उतरतात. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळीला सहा महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नका.

आता लेसर. परवा एका शेतकऱ्याने मला सांगितले की साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला एक भाव आणि लेसरला त्याच्या दुप्पट, म्हणून तो दुभती म्हैस विकायला निघाला होता. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत थुलियम लेसर आणि साधी वीजतारेची शस्त्रक्रिया यांची ४१० पुरुषांत चिठ्ठ्या टाकून तुलना झाली, निकाल २०२० मध्ये आला. वर्षभरानंतर त्रास दोन्ही गटांत सारखाच कमी झालेला. रुग्णालयातला मुक्काम सारखा, दोन दिवस. लघवीच्या धारेचा जोर साध्या शस्त्रक्रियेत किंचित जास्तच. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : "माझ्यासारख्याला लेसरच का?" ग्रंथी फार मोठी असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर लेसरला कारण आहे आणि ते डॉक्टर सांगतील. कारण नसेल तर म्हैस राहू द्या. साधी शस्त्रक्रिया नित्य करणारा सर्जन आणि चांगले रुग्णालय शोधण्यात वेळ घालवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

सोनोग्राफीबद्दल थोडे. रिपोर्ट हातात आला की लोक ग्रंथीचे वजन पाहतात. "साहेब, माझी ६० ग्रॅम निघाली," म्हणून घाबरून येतात. वजनावरून अडथळा किती ते नेमके कळत नाही. ३० ग्रॅमची ग्रंथी लघवी अडवू शकते आणि ८० ग्रॅमवाला सुखाने झोपू शकतो. रिपोर्टात पाहायचे ते दोन शब्द : लघवी केल्यानंतर मूत्राशयात शिल्लक किती राहिली, आणि मूत्रपिंडांवर सूज आहे का. शिल्लक मोजताना एक काळजी घ्या. दोन तास लघवी दाबून फुग्यासारखे मूत्राशय करून तपासले तर निरोगी माणसाचीही शिल्लक जास्त दिसते. आकडा शंकास्पद वाटला तर पुन्हा मोजायला सांगा. काही ठिकाणी धारेचा वेग मोजणारे यंत्र असते. सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर धार असेल तर बहुधा ठीक, दहाच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय. मूत्राशयात नळी घालून दाब मोजण्याची आणखी एक तपासणी आहे. तिच्यामुळे ऑपरेशने कमी होतील अशी आशा होती. इंग्लंडमधल्या २६ रुग्णालयांत ८२० पुरुषांवर ते पाहिले, तर तपासणी केलेल्यांत ३८ टक्के आणि न केलेल्यांत ३६ टक्के ऑपरेशने झाली. म्हणजे ती प्रत्येकाला लागतेच असे नाही.

आता माझे स्वतःचे. मी सत्तावन्नचा. गेल्या वर्षी एका तपासणी शिबिरात रक्ताची पीएसए नावाची चाचणी करून घेतली. आकडा ६.३ आला, चारच्या वर संशय धरतात. शिबिरातल्या एका गृहस्थाने उभ्या-उभ्या सांगितले, "कॅन्सर असू शकतो, लगेच तुकडा काढा." ती पंधरा दिवसांची झोप मी कधी विसरणार नाही. बायकोला सांगितले नाही, आणि तिने ते तिसऱ्या दिवशी ओळखले.

पीएसए हे प्रोस्टेटमधून रक्तात येणारे द्रव्य आहे. ते कर्करोगाने वाढते, साध्या वाढीनेही वाढते, लघवीच्या जंतुदोषाने वाढते, नळी घातल्यानेही वाढते. फिनास्टेराइड घेणाऱ्याचे ते निम्म्यावर उतरते, म्हणून त्याचा आकडा दुप्पट धरून वाचायचा. मी शहरातल्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, आधी लघवी तपासू, सहा आठवड्यांनी पीएसए पुन्हा करू, मग एमआरआय. यालाही आधार आहे. पूर्वी संशय आला की गुदद्वारातून सुई घालून दहा-बारा ठिकाणचे तुकडे अंदाजाने काढत. म्हणजे रानात कुठेही खड्डे घेऊन पाणी शोधण्यासारखे. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर एमआरआय आणि अंदाजाची सुई दोन्ही करून, वर अत्यंत बारकाईने सगळी ग्रंथी तपासून ताळा केला. निकाल २०१७ मध्ये आला. धोक्याचा कर्करोग असलेल्या शंभरांपैकी एमआरआयने ९३ हेरले, अंदाजाच्या सुईने फक्त ४८. आणि एमआरआय आधी केला तर साधारण चौथा हिस्सा पुरुषांची सुई टळली असती. माझ्या एमआरआयमध्ये संशयाचा भाग दिसला नाही. दुसऱ्यांदा पीएसए ४.९ आले. आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. शंभरातले सात निसटतात हे मला ठाऊक आहे, म्हणून तपासणी सोडलेली नाही.

आणि कर्करोग निघाला, पण ग्रंथीतच आहे, तर? तेही तीन वाफ्यांत पाहिलेले आहे. ब्रिटनमध्ये ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्यांनी तीन गटांत घातले : ऑपरेशन, किरणोपचार, आणि नियमित देखरेख. पंधरा वर्षांनंतर, २०२३ मध्ये, हिशेब आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेले सगळे मिळून ४५. ऑपरेशनवाले १२, किरणोपचारवाले १६, देखरेखवाले १७. हा फरक किरकोळच. देखरेखवाल्यांत आजार पसरण्याचे प्रमाण मात्र शेकडा नऊच्या वर होते, बाकीच्या दोन्ही गटांत पाचच्या आसपास. आणि देखरेखीतल्या बऱ्याच जणांनी पुढे उपचार घेतलेच. उलट ऑपरेशनवाल्यांपैकी सहा महिन्यांनी शेकडा ४६ जण लघवी गळते म्हणून कपड्यात पट्टी वापरत होते, सहा वर्षांनी शेकडा १७. घाईने निर्णय घ्यायचे कारण नाही, एवढे यातून कळते. पण मी शेतीतला माणूस, माझी एक शंका आहे. हे पुरुष जवळजवळ सगळे गोरे, आणि बहुतेकांचा आजार रक्ताच्या चाचणीत फार लवकर सापडलेला. राहुरीला पास झालेले वाण कोकणात जसेच्या तसे उतरेल असे आम्ही सांगत नाही. आपल्याकडे माणूस बहुधा कंबर दुखायला लागल्यावर, आजार हाडांत गेल्यावर पोचतो. त्याला हे आकडे लावू नका.

घरच्या बायकांनी एक काम करावे. रात्री ते किती वेळा उठतात हे तुम्हांलाच ठाऊक असते, त्यांना नीट सांगता येत नाही. तीन दिवस एका जुन्या मापाच्या मगात लघवी करायला लावा आणि वेळ व माप मुलांच्या वहीत लिहून ठेवा, पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तशी. रात्रीच माप जास्त येत असेल तर दोष ग्रंथीचा नसून साखरेचा, पायांच्या सुजेचा किंवा झोपतानाच्या चहाचा असू शकतो. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते. सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून म्हाताऱ्यांना देऊ नका. त्यातल्या काहींनी लघवी साफ अडते, आणि थंडीत अशा केसेस जास्त येतात. लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली, किंवा म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी तोडू नका.

आप्पांच्या मूत्रपिंडांना दीड महिना विसावा देऊन मग दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. मूत्राशय इतके दिवस ताणले गेले होते की पहिले तीन महिने त्याला जोरच नव्हता; वहिनी दिवसातून चार वेळा बारीक नळी उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्या हातात देत आणि ते स्वतः आत घालत. मग हळूहळू धार आली. मिठाचे पथ्य आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी कायमची मागे लागली. ते आता ८० च्या पुढे आहेत. अंथरूण माजघरात आहे, आणि उशाशी पाण्याचा तांब्या. गेल्या महिन्यात गेलो तर माझ्यासमोर तांब्या उचलून म्हणाले, "पिऊ का रं? का तुझ्या शेतीखात्याला इचारू?"

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी. फेरोमोन सापळे अजून लावले नसतील तर या आठवड्यात लावून घ्या, एकरी दोन.